रोजच्या फोटोंसाठी स्वस्तातली प्राइम (झूम नसलेली) लेन्स: ५० घेऊ की २४?

मोगरी | ३ जून, रात्री ११:५२

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. सांभाळून घ्या.

कॅमेरा कॅनन १५००डी, सोबत आलेली १८-५५ मिमीची झूम, म्हणजे किट लेन्स. लेक साडेआठ महिन्यांची आहे, आता रांगते आणि सोफ्याला धरून उभी राहते. दिवसा मी ऑफिसात, त्यामुळे फोटो निघतात ते रात्री आठनंतर, ट्यूबलाइटच्या उजेडात. दहातले आठ हललेले. उरलेल्या दोनांत ती पाठमोरी.

नवऱ्याच्या मित्राने सांगितलं, ‘डोळे झाकून ५० मिमी एफ/१.८ घे.’ गूगल केलं तर तिथेही तेच. एवढं कळलं की मिमी जास्त तेवढं चित्र जवळचं पण अरुंद, आणि एफचा आकडा लहान तेवढा उजेड जास्त. बजेट दहा हजारांच्या आत. हॉल १० बाय १४. लेकीशिवाय रविवारी भाजी मार्केट, गॅलरीतल्या कुंड्या, सासूबाईंचं लोणच्याचं काम असले फोटो काढायला आवडतात. डोळे झाकून घेऊ का?

---

रंकाळा | ४ जून, सकाळी ७:१५

घ्या ताई. कॅनन ५० एफ/१.८ एसटीएम (एसटीएम हे आतल्या फोकसच्या मोटरचं नाव). वजन १६० ग्रॅम, माउंट (कॅमेऱ्यावर बसणारी कडी) धातूचा. कोल्हापुरात लग्नांचे फोटो काढतो, पहिली दोन वर्षं किट आणि ही ५० एवढ्यावरच काढली.

कारण सांगतो. तुमची किट लेन्स ५५ वर नेली की एफ/५.६ च्या पुढे उघडतच नाही. त्याजागी एफ/१.८ म्हणजे जवळजवळ दहापट उजेड. साध्या ट्यूबच्या खोलीत रांगणारं पोर थांबवायला शटर किमान १/१२५ सेकंद पाहिजे. किटवर त्यासाठी आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ६४०० लागेल, म्हणजे फोटो दाणेदार, रवाच रवा. ५० वर ६४० ते ८०० मध्ये काम होतं.

---

दीडशहाणा | ४ जून, सकाळी ९:०२

मोबाइल वापरा. पोट्रेट मोड आहे, पैसे वाचतील, बाळाला डायपर येतील.

---

मोगरी | ४ जून, सकाळी ९:३०

@दीडशहाणा, मोबाइलवरच काढते हो बरेच. पण पोट्रेट मोड तिचं जावळ कापून टाकतो. कानाच्या वर केसांच्या जागी नुसतं धुकं. एकदा तर अख्खा कान गेला.

---

जुना_रोल | ४ जून, दुपारी १:२०

जरा थांबा. डोळे झाकून घेऊ नका, टेप घेऊन हॉल मोजा.

५० मिमीचं नाव झालं ते आमच्या फिल्मच्या काळात. फ्रेम ३६ बाय २४ मिमीची, तिचा कर्ण ४३ मिमीच्या आसपास. त्याच्या जवळपासची लेन्स ‘नॉर्मल’ मानायची. ५० त्यात बसायची, बनवायला सोपी होती, एसएलआर (लेन्स बदलता येणारा कॅमेरा) घेतला की बरेचदा त्याच्यासोबतच यायची. आमच्या पिढीने ५० वरच डोळा घडवला आणि मग पुढच्यांना सांगत सुटलो: ५० घ्या, ५० घ्या.

पण १५००डी चा सेन्सर, म्हणजे फिल्मच्या जागी असतो तो, २२.३ बाय १४.९ मिमीचा आहे. कर्ण जेमतेम २७. त्यावर ५० लावली की जुन्या हिशेबाने ८० होते. म्हणजे आम्ही ज्या लेन्सने घरातलं सगळं टिपलं ती ही नाहीच, ही चेहरे काढायची लेन्स आहे. नाव तेच राहिलं, काम बदललं. आमच्या त्या ५० सारखं तुम्हाला हवं असेल, तर १५००डी वर २४ ते ३५ च्या मधली लेन्स पाहा.

आता तुमचा १० बाय १४. सोफा, टीव्हीचं युनिट, झोपाळा वगैरे वजा जाता मोकळे सात फूट धरतो. सात फुटांवरून ५० मिमी कॅमेरा आडवा धरून सव्वातीन फुटांपेक्षा कमी रुंदी दाखवेल. तिथे लेक एकटी बसेल. आजीच्या मांडीवर लेक आणि शेजारी आजोबा? नाही बसणार, एकाचा खांदा जाणारच. २४ मिमीवर तेवढ्याच अंतरावरून साडेसहा फूट दिसतील. उभ्या माणसाचा पूर्ण फोटो ५० ने काढायचा तर कॅमेरा उभा धरूनही बारा फूट मागे जावं लागतं. तुम्ही गॅलरीच्या कठड्यावर जाल.

---

निळाशार | ४ जून, दुपारी १:४८

काका, तुमचं गणित वाचून मीही हॉल मोजून आले. ‘पायांनी झूम करा’ म्हणणाऱ्या सगळ्यांना आमच्या चाळीतल्या दहा बाय दहात एक दिवस राहायला बोलावणार आहे.

थोडा धागा हायजॅक करते. माझा निकॉन डी५६००. मागच्या वर्षी जुन्यातली ५० एफ/१.८ डी घेतली, किंमत ऐकूनच भुलले. घरी आणून लावली तर ऑटोफोकस हलेना. दुकानदाराला फोन केला तर ‘मॅडम, लेन्स एकदम ओके.’ लेन्स ओकेच होती! त्या डी लेन्समध्ये मोटरच नसते, ती बॉडीतल्या, म्हणजे कॅमेऱ्यातल्या, मोटरवर चालते, आणि डी३०००, डी५००० या मालिकांच्या बॉडीत ती मोटर नाही. डी९०, डी७००० वगैरेंत आहे. एका अक्षराने माती खाल्ली. निकॉनवाल्यांनी नावात ‘एएफ-एस’ बघूनच पैसे काढावेत.

शेवटी डीएक्स (निकॉनच्या लहान सेन्सरसाठीची) ३५ एफ/१.८जी घेतली. २०० ग्रॅम, जुन्या हिशेबाने साडेबावन्न, आणि उजेडही भरपूर. तेव्हापासून कॅमेऱ्यावरून उतरलेली नाही.

---

मोगरी | ४ जून, रात्री १०:४०

मोजलं. सात नाही, सव्वासात फूट! (पाळणा सरकवून.)

मग कॅननमध्ये ३५ एफ/१.८ अशी स्वस्त का नाही?

---

बर्फातला_मराठी | ५ जून, पहाटे ४:१०

दुखऱ्या नसेवर बोट ठेवलंत. निकॉनने क्रॉप (लहान सेन्सरच्या) बॉडीसाठी ती ३५ २००९ मध्येच काढली. कॅननने क्रॉप डीएसएलआरसाठी तशी स्वस्त, मोठ्या छिद्राची ३५ दिलीच नाही. तुमच्यापुढे आहेत ते पर्याय असे: ईएफ-एस २४ एफ/२.८ एसटीएम, ईएफ ४० एफ/२.८ एसटीएम, ही ५०, आणि योंगनुओची ३५ एफ/२. योंगनुओ स्वस्त आहे, रुंदीही मधली. पण माझ्याकडच्या नगाचा ऑटोफोकस आपल्या मनाचा राजा होता. लागला तर लागला.

मी टोरांटोत २४ वापरतो. जाडी २३ मिमीसुद्धा नाही, वजन १२५ ग्रॅम. बॉडीच्या झाकणासारखी दिसते. थंडीत जॅकेटच्या खिशात कॅमेरा मावतो, हे तुम्हाला डोंबिवलीत की कुठे कामाचं नाही म्हणा. पण फक्त १६ सेंटिमीटरवर फोकस होतो, आणि ते सासूबाईंच्या लोणच्याच्या बरणीसाठी कामाचं आहे. ५० एसटीएम ३५ सेंटिमीटरच्या आत येऊ देत नाही.

आणखी एक. लोक मिररलेसकडे (आत आरसा नसलेल्या नव्या कॅमेऱ्यांकडे) पळताहेत म्हणून डीएसएलआरच्या लेन्स सेकंडहँडमध्ये मुबलक निघाल्यात. उद्या तुम्हीही कॅननचा मिररलेस आर५० वगैरे घेतलात, तर कॅननच्या अडॅप्टरने याच लेन्स त्यावर चालतात, ऑटोफोकससकट.

---

रंकाळा | ५ जून, सकाळी ७:४०

काकांचा हिशेब बरोबर आहे, पण अर्धाच आहे. रुंदी मोजलीत, उजेड कोण मोजणार?

किट लेन्स २४ वर आणली की तीच एफ/४ ला उघडते. मग २४ एफ/२.८ घेऊन मिळालं काय? दुप्पट उजेड. फक्त दुप्पट! त्यासाठी सहा-सात हजार? ५० घेतली तर किटपेक्षा दहापट. ताईंची तक्रार काय होती? फोटो हलतात. खांदा कापला जातो ही तक्रार त्यांनी केलेलीच नाही.

---

जुना_रोल | ५ जून, सकाळी ११:०५

मान्य. मुद्दा वजनदार आहे. पण दुप्पट म्हणजे आयएसओ ३२०० च्या जागी १६००, आणि १५००डी वर नेमका तिथेच फरक डोळ्यांना दिसतो. १६०० चा फोटो आल्बमला चालतो, ३२०० ला चेहऱ्यावर रवा यायला लागतो.

आणि एफ/१.८ फुकट नाही. दीड मीटरवरून ५० ने एफ/१.८ ला काढलंत तर फोकसमध्ये राहते सहाएक सेंटिमीटर जाडीची चकती. एक मीटरवर येऊन काढलंत तर तीनसुद्धा नाही. रांगणारी लेक तेवढी पुढे सरकायला किती वेळ लागतो?

---

रंकाळा | ५ जून, दुपारी २:२०

हे खरंय. माझी सुरुवातीची हळदीच्या फोटोंची अर्धी मेमरी कार्डं अशीच गेली. नाक झक्क, डोळे मऊ. आता नवरीचा चेहरा तिरका असेल तर २.८ च्या खाली उतरतच नाही. मधला एकच फोकस पॉइंट ठेवतो (१५००डी ला नऊ आहेत, त्यात मधलाच क्रॉस टाइप, म्हणजे आडव्या-उभ्या दोन्ही रेषा पकडणारा) आणि फोकस लॉक करून कॅमेरा हलवत नाही. थोडं सैल काढायचं, घरी जाऊन कापायचं. २४ मेगापिक्सेल कशाला दिलेत?

ताई, ५० चीच जुनी आवृत्ती, ‘टू’ म्हणून येते, ती स्वस्त दिसली तरी घेऊ नका. माउंट प्लॅस्टिकचा आणि छिद्राला पाचच पाती. दिवाळीत मागच्या माळांचे दिवे पंचकोनी दिसतात. एसटीएमला सात गोलसर पाती आहेत.

---

मोगरी | ५ जून, रात्री ११:१५

आता मला झोप लागणार नाही. दोघांचंही पटतंय.

जुने फोटो तपासले, कोणत्या फोकल लेंथला काढलेत ते. फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये दिसतं हे आजच कळलं. गंमत म्हणजे जवळपास सगळे एकतर १८ ला नाहीतर ५५ ला! मधे जवळजवळ काहीच नाही. याचा अर्थ काय काढू?

---

निळाशार | ६ जून, सकाळी ८:३०

अर्थ एवढाच की तुम्ही झूम या टोकाला नाहीतर त्या टोकाला नेऊन आदळता. सगळेच तसं करतात. त्या आकड्यांवर लेन्स घेऊ नका.

त्यापेक्षा किट लेन्स २४ वर आणा आणि झूमच्या रिंगला कागदी चिकटपट्टी लावा. एक अख्खा दिवस तशीच. दुसऱ्या दिवशी ५० वर पट्टी. उजेड कमी पडेल, फोटो हलतील, हलू देत. फक्त एवढं बघा की कोणत्या दिवशी चिडचिड झाली. मी ३५ असाच ठरवला.

---

मिरकरवाडा | ६ जून, सकाळी १०:१२

लेन्स कुठलीही घ्या, पण जून लागलाय एवढं लक्षात असू द्या.

रत्नागिरीत राहतो. माझ्या तीन लेन्स बुरशीने खाल्ल्यात. पहिली कातड्याच्या सुंदर केसमध्ये ठेवली होती. कातडं ओल धरतं हे नंतर शिकलो. दुसरी आईच्या सल्ल्याने तांदळाच्या डब्यात. बुरशी आलीच, वर रिंगमध्ये तांदळाची पिठी. तिसरी कपाटात, कारण ‘एवढं काय होतंय’.

आता घट्ट झाकणाचा मोठा प्लॅस्टिकचा डबा आहे, किराणा दुकानात मिळतो तो. आत सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारं छोटं घड्याळ. काटा ४० ते ५० च्या मधे ठेवायचा. फार कोरडंही बरं नाही. दाण्यांचा रंग बदलला की ते स्वयंपाकात न वापरायच्या जुन्या तव्यावर मंद आचेवर तापवायचे, रंग परत येतो. निळ्या दाण्यांत कोबाल्टचं संयुग असतं, ते विषारी. तुमच्याकडे रांगतं बाळ आहे, तेव्हा निळे घेऊच नका, आणि दाणे कुठलेही असोत, डबा माळ्यावर.

सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे लेन्स वापरत राहणं. उजेड-वारा लागलेल्या लेन्सला बुरशी सहसा धरत नाही.

सेकंडहँड बघायला गेलात की मोबाइलची टॉर्च मागच्या काचेतून मारा आणि पुढून तिरकं बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे म्हणजे बुरशी, तिथूनच परत फिरा. दुधासारखा धुरकटपणा दिसला तरी परत फिरा. धुळीचे दोन-चार कण असू देत, फोटोत दिसत नाहीत. मग आपल्याच बॉडीवर लावून, छिद्र पूर्ण उघडून, जवळचं आणि लांबचं, दोन्ही फोकस करून बघा. विकणारा घाई करत असेल तर वडापाव खायला घाला, पण बघा.

---

दीडशहाणा | ६ जून, सायंकाळी ६:४५

एक विचारू का? (हसू नका.) वडिलांच्या कपाटात जुना फिल्म कॅमेरा सापडला. लेन्सवर ५८ मिमी, एफ/२ लिहिलंय, फिरवून काढायची आट्याची आहे. घरात निकॉनची एक डीएसएलआर आहे. चालेल का त्यावर?

---

जुना_रोल | ६ जून, रात्री ८:००

मोबाइलवाले साहेब, या!

आट्याची म्हणजे बहुधा एम४२ नावाचा जुना माउंट. अडॅप्टर मिळतो. पण निकॉनवर अडचण आहे. माउंटपासून फिल्मपर्यंतचं अंतर एम४२ मध्ये ४५.४६ मिमी, निकॉनमध्ये ४६.५. म्हणजे लेन्स मुळातच एक मिलिमीटर पुढे बसते आणि लांबचं फोकस होत नाही. काच घातलेले अडॅप्टर येतात, ते चित्र बिघडवतात. कॅननचं अंतर ४४, तिथे साध्या अडॅप्टरने मस्त चालते. निकॉनवर जवळची फुलं-पानं काढा. फोकस हाताने. आणि आधी टॉर्च मारा, वडिलांच्या कपाटात किती पावसाळे गेलेत देव जाणे.

---

दीडशहाणा | ६ जून, रात्री ८:२२

टॉर्च मारली. आत अख्खं कोळ्याचं जाळं आहे. @मिरकरवाडा, तुमचं दुःख आत्ता कळलं.

---

मोगरी | ८ जून, रात्री १०:३०

पट्टीचा प्रयोग झाला. शनिवारी २४, रविवारी ५०.

शनिवार: लेकीजवळ जावं लागलं. ती लेन्सकडेच झेपावत होती. पण सासूबाई, लेक आणि पसरलेली खेळणी असा एक फोटो आला, तो बघून नवरा म्हणाला, ‘हे आपलं घर आहे.’ एरवी आमच्या फोटोंत घर नसतंच, नुसते चेहरे असतात.

रविवार: मार्केटमध्ये ५० ने मजा आली. कोथिंबीरवाल्या मावशींचे हात, वजनकाटा. लांबून काढता येतं, कुणी बिचकत नाही. घरी मात्र स्वयंपाकघराच्या दारात अडकले. मागे सासूबाई पोळ्या लाटत होत्या, त्या दोनदा म्हणाल्या, ‘अगो, सरक.’

चिडचिड रविवारी जास्त झाली. म्हणून २४. रंकाळादादा, रागावू नका.

---

रंकाळा | ९ जून, सकाळी ७:०५

रागावतो कशाला. लेक पळायला लागली की ५० घ्यायला याल, मी इथेच आहे.

एक करा. रात्रीच्या फोटोंत कधी पट्टे दिसले, किंवा एक फोटो पिवळट आणि दुसरा हिरवट आला, तर दोष लेन्सचा नाही. आपल्याकडची वीज ५० हर्ट्‌झची, त्यामुळे बरेच स्वस्त एलईडी आणि जुन्या ट्यूब सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. शटर १/१०० ठेवा, पट्टे जातील. लेक क्षणभर थांबली की क्लिक. शिवाय रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या मूळ, प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) काढा, रंग नंतर सुधारता येतो. आणि सतरंजी गॅलरीच्या दाराशी सरकवा, सुट्टीच्या दिवशी तरी.

---

मोगरी | १५ जून, रात्री ११:०५

घेतली! ईएफ-एस २४, सेकंडहँड, साडेसहा हजारांना. विकणारे गृहस्थ दादर स्टेशनच्या पुलावर भेटले. मी बॅगेतून टॉर्च काढल्यावर ते म्हणाले, ‘कुणीतरी पढवून पाठवलेलं दिसतंय.’ काच स्वच्छ होती. वडापावचे पैसे त्यांनीच दिले.

रात्रीचे फोटो अजूनही सगळे धड येत नाहीत. दहातले पाच म्हणू या. आयएसओ १६०० ला जुना_रोल काका म्हणाले तसंच, आल्बमला चालतील असे. सतरंजी दाराशी गेली ती तिथेच राहिली, तिथला उजेड सकाळी साडेसातला इतका छान असतो की ऑफिसची लोकल चुकते.

आता खरी अडचण. १६ सेंटिमीटरवरून फोटो काढत होते. लेकीने नाचणीच्या सत्त्वाने माखलेला अख्खा पंजा पुढच्या काचेवर ठेवला. मी घाबरून हात लावलेला नाही. वाळत चाललंय. कशाने पुसू?

---

मिरकरवाडा | १५ जून, रात्री ११:१२

पदराने नको!! ओढणीने पण नको.

खरवडू नका. लेन्सचं क्लीनर असेल तर मायक्रोफायबर कापडावर दोन थेंब घ्या, काचेवर थेट ओतू नका. लेन्स तोंड खाली करून धरा, म्हणजे कडेने आत काही जाणार नाही. ओलं कापड अर्धा मिनिट नुसतं टेकवून ठेवा, सत्त्व मऊ होईल. मग मधून बाहेर, गोल गोल, अजिबात जोर न देता. दर फेरीला कापडाचा नवा कोपरा. झालं की ५२ मिमीचा यूव्ही फिल्टर, म्हणजे लेन्सपुढे लावायची काच, मागवा.

---

जुना_रोल | १५ जून, रात्री ११:२०

पुसायच्या आधी त्या पंजातून एक फोटो काढा.